सोलमाजचा गुरुवार

विश्वास सबनीसाची बायको दर गुरुवारी दुपारी पासिर पांजांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, एका मिशीवाल्या परपुरुषाला भेटते, ही बातमी १९९५च्या श्रावणात सिंगापुरातल्या आमच्या आंग मो किओच्या ब्लॉकमधून निघाली आणि जिथे MRT रेल्वेसुद्धा जात नव्हती त्या बुकित तिमाहला संध्याकाळपर्यंत पोचली. बातमीला तपशील होते. टेबल कोपऱ्यातलं. दोघांत एकच कॉफी. बाईनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरलेला. आणि तो माणूस चक्क रडत होता.

पाहणारी कोणी ऐरीगैरी नव्हती, आमची योगिनी होती. गुरुवारचा कडक उपास करणारी माझी बायको भर दुपारी हॉकर सेंटरमध्ये काय करत होती, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. संसार टिकवायचा तर काही प्रश्न गिळावे लागतात.

गंमत अशी, की जिच्याबद्दल ही बातमी होती तिनं आयुष्यात एकही प्रश्न गिळला नव्हता.

सोलमाज बाकूची. अझरबैजानची राजधानी ती, तेव्हा सोव्हिएत रशियात असलेली, कॅस्पियन समुद्राकाठची, तेलाच्या विहिरींची. विश्वास डोंबिवलीचा. रशियाच्या स्कॉलरशिपवर तेल काढण्याचं शिक्षण घ्यायला तिथे गेला आणि तेलाआधी बायको काढून आला. ८७ साली डोंबिवलीत पुन्हा एकदा आपल्या पद्धतीनं लग्न लागलं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहायची वेळ आली. सासूबाईंनी 'सुलभा' ठरवलं होतं.

"माझ्या जुन्या नावात काय चूक सापडली?" सोलमाजनं विचारलं. मराठी तिला विश्वासनं बाकूतच शिकवली होती, पण ती नको तिथे वापरू नये हे शिकवायचं राहून गेलं होतं.

"चूक नाही गं बाई. पद्धत आहे."

"कुणी घातली?"

सासूबाईंनी भटजींकडे पाहिलं, भटजींनी घड्याळाकडे. शेवटी सासरेबुवा म्हणाले, "अर्थ काय तुझ्या नावाचा?" ती म्हणाली, "न कोमेजणारी." मग त्यांनी बायकोला सांगितलं, "असू दे हेच. यापेक्षा चांगलं तुला सुचायचं नाही." तांदळात सोलमाज लिहिलं गेलं. डोंबिवलीच्या त्या हॉलमध्ये तो दिवस म्हणे अजून विसरलेले नाहीत.

बाकूत ती वर्तमानपत्रात होती. मोठ्या, सरकारी. एकदा कापूस वेचणीच्या दिवसांत तिला गावाकडे पाठवलं, उत्पन्न किती वाढलं ते लिहायला. तिनं पाहिलं, की शाळा बंद ठेवून पोरं शेतात वेचणीला लावली आहेत आणि त्यांच्या डोक्यावरून विमान पानं गाळायचं औषध फवारत चाललं आहे. पोरांच्या बोटांची सालं निघालेली. तिनं तेच लिहिलं. संपादकानं पोरं काढून टाकली, विमान काढून टाकलं, फक्त कापूस छापला. सोलमाज दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून घरी. मग मैत्रिणींना जमवून चार पानांचं स्वतःचं पत्रक काढलं, त्यात पोरंही छापली आणि विमानही, आणि मेट्रोच्या दाराशी उभी राहून ते स्वतः विकलं. दोनदा पोलिसांनी तिला उचलून नेलं. दुसऱ्यांदा परत आली ती पुढचा एक दात हरवून.

हे तिनं मला आमच्या घरी, कांदेपोहे खाताना सांगितलं. सहज, लिफ्ट बंद पडल्याचं सांगावं तसं. माझ्या हातातला चमचा हवेत राहिला. आम्ही इतके दिवस समजत होतो, की तो सोन्याचा दात म्हणजे तिकडची फॅशन.

९१ साली विश्वासला सिंगापूरच्या एका शिपयार्डात काम मिळालं आणि दोघं आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली. तिच्या हातात डिपेंडंट पास. म्हणजे नवऱ्याच्या पासावर राहायचं, गप्प बसायचं. ती गप्प बसून लंडनच्या एका खलाशांच्या मासिकाला लेख पाठवायची. खाली नाव नसायचं. कुठल्या बोटीवर जेवणात किडे निघाले, कुठल्या मालकानं माणसं परक्या बंदरात सोडून दिली, असलं सगळं. माहिती ती बंदरावरच्या लोकांकडून काढायची आणि नासपतीच्या आकाराच्या पिटुकल्या पेल्यांत काळा चहा पाजून आमच्यासारख्यांकडून. मी तेव्हा बोटींना शिधा पुरवणाऱ्या कंपनीत होतो. बटाटे, कांदे, कोंबड्या घेऊन लाँचनं बोटीवर जायचं आणि येताना बातम्या घेऊन यायचं. त्यामुळे तिचं माझं जमलं. मात्र एक फरक. मी एखादी खमंग बातमी सांगितली, की ती चहा ओतता ओतता विचारायची, "पाहिलं कुणी?"

"सगळे म्हणतात."

"सगळे म्हणतात ते कळलं काका. पाहिलं कुणी?"

या दोन शब्दांनी तिनं माझ्या किती चांगल्या बातम्या मारल्या असतील, त्याची गणती नाही.

आता दिलीपराव. आमच्या मंडळाचे आश्रयदाते. गणपतीचा मांडव त्यांचा, दिवाळीचा फराळ त्यांचा, बुकित तिमाहला स्विमिंग पूलवाला कॉन्डो त्यांचा, आणि लोयांगला लाइफराफ्टचं वर्कशॉप त्यांचं. लाइफराफ्ट म्हणजे बोट बुडायला लागली की समुद्रात टाकायचा रबरी तराफा. तो घड्या घालून पांढऱ्या फायबरच्या पिंपासारख्या डब्यात बंद केलेला असतो. डबा पाण्यात फेकायचा, दोर हिसडायचा, आतल्या नळकांड्यातला गॅस सुटतो आणि तराफा फुगून माणसं उचलायला तयार. वर्षातून एकदा हे डबे वर्कशॉपमध्ये येतात. आतलं सगळं तपासायचं, पुन्हा घड्या घालायच्या, डबा बंद करून त्यावर नवी तारीख मारायची, हा दिलीपरावांचा धंदा. बोटीवर तो डबा कोणी उघडून बघत नाही. उघडला की पुन्हा वर्कशॉपला पाठवावा लागतो, बोट अडकते. तो उघडायचा फक्त बुडताना.

९५च्या मे महिन्यात मीनाक्षीकडे सत्यनारायण होता. मीनाक्षी सोलमाजच्या समोरच्या दारातली. तिचा नवरा प्रताप चीफ ऑफिसर, दोन दिवसांत बोटीवर जायचा होता. सगळे जमलो होतो, दिलीपराव आणि त्यांच्या स्मितावहिनीसुद्धा. मीनाक्षीनं पूजेत सासूबाईंचा काशीचा गडू ठेवला होता, गंगेचा, तोंड झाळून बंद केलेला. सोलमाज वाकून पाहत म्हणाली, "यात काय?"

"गंगा," मीनाक्षी म्हणाली. "शेवटच्या वेळी तोंडात घालतात. तोपर्यंत उघडायचा नाही."

"आत आहे हे पाहिलं कुणी?"

कोणी काही बोलायच्या आत बाईनं गडू उचलला, कानाशी नेला आणि हलवला. मग माझ्या कानाशी धरून हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. गडू ठार कोरडा होता. झाळ कुठेतरी फुटली असणार आणि गंगा कधीच उडून गेली असणार. मीनाक्षीचा चेहरा असा झाला, की जणू कोणी तिच्या सासूलाच हलवून पाहिलं. याच गडूतलं पाणी तिनं मागच्या दसऱ्याला सगळ्या बायकांना हात जोडायला लावून पुजलं होतं.

"हिला घरात घेतलंच कशाला?" स्मितावहिनी पुटपुटल्या, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू.

वातावरण हलकं करायला दिलीपराव पुढे झाले. विनोदाची हौस दांडगी. म्हणाले, "जाऊ द्या हो. आमचा धंदा तरी दुसरा काय? आम्हीही गडूच विकतो. एकदा बंद केला, की उघडायचा तो शेवटच्या वेळी."

आम्ही हसलो. मी तर सगळ्यात मोठ्यानं. प्रसाद कोणाचा का असेना, आश्रयदाता दिलीपराव होते.

सोलमाज हसली नाही. गडू परत ठेवत म्हणाली, "मग त्याच्या आत काय आहे ते पाहिलं कुणी?"

"मी पाहिलं ना वहिनी. मीच भरतो," दिलीपराव म्हणाले. पण हे वाक्य यायला थोडा उशीर झाला. तेवढा उशीर आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आला नाही. तिच्या आला.

त्यानंतर ते गुरुवार सुरू झाले, आणि श्रावणात योगिनीला ते दिसले.

ती बातमी कशी फुलली ते मी काय सांगू, खत घालणाऱ्यांत आम्हीही होतो. कोणी म्हणे, तो रशियन बोटीवरचा जुना प्रियकर. कोणी म्हणे, हेर. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे अशी बातमी होती, की जिला 'पाहिलं कुणी' म्हटलं तर हात वर करायला माणूस होता. मीनाक्षीनं समोरचं दार बंद ठेवायला सुरुवात केली. मंगळागौरीला सोलमाजला बोलावणं गेलं नाही. विश्वासला शिपयार्डात लोक विचारायचे, "काय सबनीस, आज गुरुवार, घरी जेवण काय बाहेरच?" डोंबिवलीहून आईचा फोन आला. इतक्या लांबवर ही बातमी कोणी पोचवली देव जाणे. मी नाही.

शेवटी विश्वासनं तिला विचारलं. त्यानंच मला नंतर सांगितलं.

"कोण आहे तो?"

"नाव विचारू नकोस."

"अगं, मी संशय घेत नाहीये. पण काहीतरी सांग म्हणजे मला लोकांना सांगता येईल."

"तू लोकांना सांगशील म्हणूनच नको." मग ती पेला पुसायला लागली. "वाटलं तर संशय घे, विश्वास. संशय मला चालेल. नाव नाही सांगणार."

मला सांगा, असं कोण बोलतं? खोटं बोलायला तर फार सोपं होतं. भाऊ म्हण, मामेभाऊ म्हण. विश्वास म्हणाला, "काका, मला त्या दिवशी पहिल्यांदा तिची भीती वाटली." तो दुसऱ्या खोलीत झोपायला लागला.

सप्टेंबरात प्रतापची बोट सिंगापूरला आली. जपानला निघायची होती, वादळांचे दिवस. लाइफराफ्टचे डबे वर्षाच्या तपासणीला दिलीपरावांकडे गेले आणि गुरुवारी परत बोटीवर चढले, पांढरे शुभ्र, नवी तारीख मारून. शनिवारी सकाळी बोट सुटणार होती.

त्याच गुरुवारी संध्याकाळी सोलमाजनं मीनाक्षीची बेल वाजवली. मी मीनाक्षीकडेच होतो. प्रतापच्या बोटीला कांदे मी पोचवायचो, आणि उद्या ती माझ्याच लाँचनं त्याला भेटायला जाणार होती. मीनाक्षीनं दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

सोलमाज साखळीच्या फटीतून बोलली. "प्रतापला सांग, उद्या लाइफराफ्टचा दोर ओढून बघ. एक तरी."

"का?"

"आत तराफा आहे असं मला वाटत नाही."

मला वाटलं, बाईला वेड लागलं. मीनाक्षीला काय वाटलं ते तिच्या आवाजात आलं. "दिलीपरावांबद्दल बोलतेस? माझ्या बाळंतपणात रात्रीची गाडी कोणी पाठवली माहीत आहे? उगाच डबा उघडला तर बोट अडकेल, प्रतापची नोकरी जाईल. तुला हे सांगितलं कोणी?"

"ते नाही सांगणार."

"तो गुरुवारचा?"

सोलमाज साखळीच्या फटीत आणखी जवळ आली.

"नाव सांग. कोण, कुठला, त्याला कसं कळलं ते सांग. मग ठेवते विश्वास. माझ्या नवऱ्याची नोकरी मी कोणाच्या तोंडावर पणाला लावू?"

"माझ्या."

मीनाक्षी हसली, चांगलं नाही. "तुझ्या तोंडाला ब्लॉकमध्ये काय किंमत राहिलीय, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," सोलमाज म्हणाली. "नाव सांगितलं असतं तर ती परत मिळाली असती. तरी नाही सांगितलं. एवढ्यावरून काय समजायचं ते समज."

मी मध्ये पडलो. म्हटलं, सरळ बंदरातल्या अधिकाऱ्यांना सांग ना. ती म्हणाली, "ते आधी वर्कशॉपला फोन करतील काका. अर्ध्या तासात डबे बदलतील. आणि कोणी सांगितलं हे शोधायला त्यांना तेवढाही वेळ लागणार नाही. प्रतापनं म्हणावं, दोर कुजका वाटला म्हणून ओढून पाहिला. मग कोणाचं नाव यायचं कारण नाही."

मीनाक्षीनं दार लावून घेतलं. तशीच दाराला टेकून उभी राहिली. मला म्हणाली, "काका, ती बाई आगाऊ आहे, उद्धट आहे. माझ्या पूजेत तिनं माझी लाज काढली." मग थांबून, "पण खोटं कुठे बोलली होती?"

शुक्रवारी सकाळी क्लिफर्ड पियरच्या धक्क्यावरून लाँच निघाली. मी, माझे कांदे, मीनाक्षी आणि तिच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. नांगरावरच्या बोटीची शिडी चढून वर गेलो. तिनं प्रतापला बाजूला घेतलं. तो आधी चिडला, मग हसला, मग तिच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. कॅप्टनकडे गेला. काय बोलला कोण जाणे, कॅप्टन कपाळाला आठ्या घालत डेकवर आला. म्हणाला, दोर खराब वाटत असेल तर एक डबा ओढ, होईल ते होईल.

दोन खलाशांनी कठड्यावरून डबा समुद्रात ढकलला.

तो बुडाला.

तरंगायला हवा होता, हो. डबा तरंगतो, दोर ओढला की फुगतो, एवढं तर मला कांदेवाल्यालासुद्धा ठाऊक. तो दगडासारखा खाली गेला आणि त्याच्यामागे दोर सळसळत गेला. खलाशी दोर ओढत होता, ओढत होता. दोराचं टोक त्याच्या हातात आलं. टोकाला काही नव्हतं.

प्रतापनं दुसरा डबा समुद्रात टाकू दिला नाही. तिथेच, डेकवर, त्याचे पट्टे कापले आणि पहारीनं झाकण उचकटलं. आत जुनी गोधडी. गोधडीखाली रबराचा एक तुकडा, पापडाच्या लाट्या एकमेकींना चिकटाव्यात तसा चिकटलेला. गॅसचं नळकांडं नाही. बिस्किटं नाहीत, पाणी नाही. आणि डब्याचं वजन बरोबर भरावं म्हणून तळाशी सिमेंट. चांगलं थापून बसवलेलं, कडक झालेलं.

बाहेरून पांढरा शुभ्र रंग. त्यावर नवी तारीख.

कॅप्टननं टोपी काढली आणि पुन्हा घातली. एक म्हातारा खलाशी, कोकणातलाच, सिमेंटवर बोट फिरवून बघत होता, खरंच सिमेंट आहे का ते. मीनाक्षी पुरणपोळ्यांचा डबा छातीशी धरून उभी होती. म्हणाली, "मागच्या वर्षीही इथूनच आले होते ना हे डबे?" प्रताप म्हणाला, "हो." मागच्या वर्षी ही बोट तैवानजवळ वादळात सापडली होती आणि त्यानं घरी आल्यावर आम्हाला ते हसत हसत सांगितलं होतं.

मी पस्तीस वर्षं बोटींवर गेलो. आग पाहिली, मारामाऱ्या पाहिल्या. पण असा डबा कधी पाहिला नव्हता. मी त्या सिमेंटच्या मालकाच्या ताटातला फराळ दर दिवाळीला खाल्ला होता आणि वर त्याच्या विनोदाला सगळ्यात मोठ्यानं हसलो होतो.

पुढचं भराभर झालं. बोट थांबली. बंदरातल्या आणखी बोटींनी आपापले डबे फोडले आणि जे निघायचं ते निघालं. लोयांगच्या वर्कशॉपला सील लागलं. दिलीपरावांवर खटला झाला, शिक्षा झाली. पुढच्या वर्षी मंडळाचा गणपती विनामांडवाचा, शाळेच्या हॉलमध्ये बसला आणि आरतीला लोक एकमेकांकडे न बघता उभे राहिले. लंडनच्या मासिकात सविस्तर लेख आला. नेहमीप्रमाणे नावाशिवाय.

पोलिसांनी सोलमाजला बोलावलं. कोणी सांगितलं, विचारलं. दिलीपरावांच्या वकिलानं विचारलं. स्मितावहिनींनी तिच्या दारात येऊन विचारलं. मीनाक्षीनं तिच्या गळ्यात पडून रडून झाल्यावर विचारलं. मी तर चार पेले चहा पिऊन विचारलं. सगळ्यांना एकच उत्तर, "प्रतापला दोर कुजका वाटला." विश्वासनं मात्र पुन्हा विचारलं नाही. आपली उशी उचलून तो परत पहिल्या खोलीत आला.

तुम्हाला वाटेल आता तरी कुजबुज थांबली असेल. छे. उलट तिला पाय फुटले. "बाई धाडसी हो, प्रश्नच नाही," आमच्या बायका म्हणायच्या, "पण ते गुरुवारचं प्रकरण मात्र होतंच." तराफ्याचा आणि गुरुवारचा संबंध कोणाला जोडावासा वाटला नाही, मीनाक्षी सोडून. आणि तिनं तोंड उघडलं नाही. सोलमाज जिन्यात भेटली की बायका तिला मान द्यायच्या आणि ती वळली की एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. ती कधी थांबली नाही, काही बोलली नाही. ९८ साली मंदीत विश्वासचं काम गेलं, दोघं बाकूला परतली. तिथे तिनं पुन्हा स्वतःचं पत्रक काढलं. पुन्हा तिला उचलून नेल्याचं ऐकलं, पुन्हा सोडल्याचं ऐकलं. आता दोन दात सोन्याचे आहेत म्हणतात. पाहिलं कुणी, ते मला माहीत नाही.

गुरुवारचा तो माणूस मला पुष्कळ वर्षांनी मलेशियातल्या जोहोर बाहरूला त्याच्या घरी भेटला. आता तो नाही, आणि त्याच्या बायकोनं नाव लिहायला हरकत घेतली नाही. त्याचं नाव अरुमुगम. रोज सकाळी समुद्रावरचा कॉजवे पूल ओलांडून तो दिलीपरावांच्या वर्कशॉपमध्ये कामाला यायचा, आणि डबे तोच भरायचा. गुरुवारी लॉरीतून ते धक्क्यावर पोचवायचा आणि लाँच येईपर्यंत पासिर पांजांगला थांबायचा, म्हणून गुरुवार. नाव फुटलं असतं तर त्याचं वर्क परमिट त्याच दिवशी रद्द झालं असतं. सोलमाज त्याला आत काय भरतोस ते विचारायची आणि तो सांगायचा. सिमेंटचं सांगताना त्याचे हात थरथरायला लागले, तेव्हा तिनं ते धरले. दोघांत एवढंच होतं.